मधलं नाव केनेथीना

पेगी,

मी मेंढ्यांकडे जातेय. सूप चुलीवर आहे. स्टॉर्नोवेची बस पकडण्याआधी पोटभर पी, जन्मनोंदणी कचेरीत ताटकळत ठेवतात.

काल जेवताना तू म्हणालीस, "बाळाला माझ्या बाबांचं नाव नको? मग त्यांचं ठेवायचं तरी काय, आई, बूट?" आणि मी ताटावरून उठले. रागावले नव्हते गं.

माझंही मधलं नाव डोनाल्डीना, बुडालेल्या डोनाल्डमामाचं. आपल्या बेटावर गेलेल्या पुरुषांची नावं अशीच, शेवटी 'ईना' लावून, मुलींच्या माथी येतात. माझी आजी, मामाची आई, माझ्या केसांवरून हात फिरवत विचारायची, "डोनाल्ड, जेवलास का रे?" पोटात काही नसलं तरी मी "हो" म्हणायचे, कारण त्यावर ती हसायची.

आपल्या एल्सीवर ती पाळी नको, एवढंच मनात होतं. पण पहाटे ती रडली तेव्हा तिला उचललं आणि हळूच "केनेथीना" म्हणून पाहिलं. तुझे बाबा गेल्यापासून त्यांचं नाव मी उच्चारलंच नव्हतं. बरं वाटलं.

तेव्हा लिही खुशाल. फक्त मी कधी तिला नुसतं "केनेथ" म्हणाले, तर ओ द्यायची नाही, एवढं पोरीला शिकव.

आई