माझे दहा टक्के

सोमवार, ४ मार्च

घेतले! चार रुपयांचा शेअर. रंगाचे डबे बनवणारी कंपनी, नावही धड कुणी ऐकलेलं नाही. खबर खालच्या मेडिकलवाल्याची. म्हणतो, "दुप्पट समजाच!" मी समजणार नाही. असले चिल्लर शेअर चढतात तसेच आपटतात. म्हणून आधीच ठरवतो – दहा टक्के सुटले की विकायचे. चार चाळीस. बस!

ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा निम्मा खर्च मी देणार म्हणालोय, निम्मे तिने साठवलेत. माझ्या वाट्यात थोडे कमी पडताहेत. दहा टक्क्यांत भागतं.

बुधवार, ६ मार्च

चार चाळीस! बायको म्हणाली, "झाले ना तुझे दहा टक्के? मग विक की." विकणारच होतो, तेवढ्यात मेडिकलवाल्याचा फोन. विकतोय म्हटलं, तर म्हणाला, "अहो, दुसऱ्यांच्या कवळ्या करता करता तुमचेच दात पडले की काय? एवढ्यात सोडता?"

कवळ्या बनवणं हा माझा धंदा आहे. त्यावरून कुणी बोललं की डोकं फिरतं. उद्या बघू.

गुरुवार, १४ मार्च

सहाला टेकला! रोज बाजार उघडतानाच पाच टक्के वर जातो आणि तिथेच अडतो, एका दिवसात त्याहून जास्त चढू देत नाहीत. विकायला कुणी तयारच नाही. का असेल?

ताईकडे गेलो होतो. कठड्याला धरून आडवी-आडवी जिना उतरते, बघवत नाही. मी शेअरच्या बढाया मारल्या. "मलाही दाखव रे छोट्या!" पन्नाशी आली तरी मी छोट्याच. तिच्या मोबाइलवर खातं उघडून दिलं. घ्यायचं बटण, विकायचं बटण, सगळं दाखवलं. "तू नुसतं बघत जा," म्हटलं.

बुधवार, २७ मार्च

नऊ!! दहा टक्के म्हणणारा तो मी कोण होतो? ऑपरेशनचा सगळा खर्च आता मीच करणार. बायकोला तसं सांगितलं. "आधी विक," एवढंच बोलली. हिला कशाचं कौतुकच नाही.

सोमवार, १ एप्रिल

तीन दिवस उलटं चाललंय. उघडतानाच पाच टक्के खाली, आणि तिथेच ठप्प. रोज विकायला लावतो, घेणारा कुणी नाही. मोबाइलवर अजून भरपूर नफा दिसतो. तो हातात देणार कोण?

मंगळवार, ९ एप्रिल

तेच. जेवण जात नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

एका आजोबांची कवळी दुसऱ्याच्याच साच्यावर बसवली. काम देणारे दातांचे डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले. बरोबरच आहे त्यांचं.

मेडिकलवाल्याने नऊलाच सगळे विकले म्हणे! "मग मला का नाही सांगितलंत?" म्हटलं, तर हसला. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हीही विकायला उभे. मग माझे घेतले कुणी असते?" गळा धरावासा वाटला. धरला नाही. गोळ्यांचे पैसे देऊन वर आलो.

ताईला सांगायला हवं, की कंपनीत दम नाही. पण कुठल्या तोंडाने? परवा सांगेन.

मंगळवार, १६ एप्रिल

विकले गेले! सगळेच्या सगळे! सकाळी उघडताक्षणी, चार त्रेचाळीसला. जिवात जीव आला. म्हणजे शेवटी मिळाले माझे दहा टक्के, वर चिल्लरही! आता यापुढे हाव नाही.

पण या पडत्या शेअरला हात घालणारा हा कोण महामूर्ख? आम्ही दोघं पोट धरून हसलो. किती दिवसांनी! बायको म्हणाली, "कोणी का असेना, त्याचं भलं होवो."

बुधवार, १७ एप्रिल

ताईचा फोन. "छोट्या, काल एक गंमत केली! तुझा तो शेअर इतका स्वस्त झालेला दिसला, म्हटलं घालूया. गुडघ्याचे होते तेवढे सगळे घातले. तुझ्यावरचा भार तेवढाच कमी होईल रे."

कितीला मिळाले, विचारलं.

"चार त्रेचाळीसला. बटण दाबलं आणि लगेच मिळाले! बरं केलं ना मी?"