डावी बाही

३ फेब्रुवारी
संपलं एकदाचं! शेवटचं रेडिएशन आज झालं. स्तनातली गाठ गेली, सोबत काखेतल्या गाठीही काढल्या. त्यामुळे आता डावा हात सुजू शकतो म्हणे. फिजिओथेरपीवाली माझ्या लेकीपेक्षा लहान, पण दम देते सासूसारखा. चटका बसू द्यायचा नाही, सुई टोचून घ्यायची नाही, कातडी कोरडी पडू द्यायची नाही, रोज व्यायाम. आणि बाही किंवा अंगठी घट्ट व्हायला लागली, की त्याच आठवड्यात यायचं. "लवकर आलात तर सूज उतरते. उशीर केलात तर कायमची राहते."

शिंप्याच्या बायकोला सांगते सुई टोचून घेऊ नका! अंगठी मी घालत नाही. म्हणजे सगळी भिस्त बाहीवर.

९ फेब्रुवारी
ह्यांनी इस्त्री ताब्यात घेतली. काजं-बटणं माझ्याकडेच, पण बोटात अंगुस्तान घातल्याशिवाय सुईला हात लावू देत नाहीत. तीस वर्षं दुकानात समोरासमोर बसतोय — आजवर माझ्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं! आता गिऱ्हाईक बोलत असतं आणि ह्यांचं लक्ष माझ्याकडे. सकाळी क्रीमसुद्धा स्वतः लावून देतात, अगदी हलक्या हाताने. मला भारी आवडतं. सांगणार नाही, शेफारतील.

२ मार्च
व्यायाम झाला. बाही सैल.

१७ मार्च
संध्याकाळी हात जड वाटला. ह्यांना सांगितलं, तर मान खाली घालून मशीन मारत राहिले. ब्लाउज घालून पाहिला — बाहीत दोन बोटं सहज जातात. उगाच जिवाला घोर.

७ एप्रिल
बाही सैलच. हात मात्र जड. वय झालं, दुसरं काय!

१९ एप्रिल
लेकीकडे आले. अंगावर पाणी सांडलं, म्हणून तिच्याकडे पडून असलेला माझा ब्लाउज काढला. गेल्या वर्षीचा, ह्यांनीच शिवलेला, त्याच मापाचा. उजवी बाही सरसर चढली. डावी कोपराच्या वर अडकली. आम्ही दोघी ओढत बसलो, आधी हसत. मग लेक हसायची थांबली.

२० एप्रिल
घरी येऊन कपाटातले सगळे ब्लाउज उलटे केले. सातच्या सात! प्रत्येकाची डावी बाही उसवून, शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, ती माया, मोकळी सोडून, पुन्हा शिवलेली. जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. टाका ह्यांचाच — हजारांत ओळखीन.

तशीच दुकानात गेले आणि सातही ब्लाउज ह्यांच्या पुढ्यात टाकले. वाट्टेल ते बोलले. मी रोज ती बाही बघून निर्धास्त होत होते, आणि तुम्ही मागून ती सैल करत होतात? ह्यांनी एक ब्लाउज उचलून त्याची डावी बाही सरळ केली. म्हणाले, "तुला आवळू नये, एवढंच डोक्यात होतं."

असा राग आला! आणि असा जीव तुटला! काय करावं ह्या माणसाचं. उद्या सकाळची वेळ घेतली आहे. उशीर झाला असेल तर? फार भीती वाटते.

२१ एप्रिल
फिजिओवालीने दोन्ही हात मोजले. सूज आहेच. कधीपासून, तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

हे मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "चौदा मार्चपासून. दंडाला पाव इंच. मला वाटलं, तेवढीच राहील..."

टेप न लावता, समोर बसून, नुसत्या नजरेने! आणि पाच आठवडे एकट्याने पोटात ठेवलं.

पाच आठवडेच असतील तर उतरायला वाव आहे, असं ती म्हणाली. मी डाव्या हाताने ह्यांचा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.