शेंगदाणा नसल्याचा दाखला

४ मार्च

निर्यातीचे दाखले देणारा तो साहेब, खडूस मेला! सही नाही म्हणजे नाही. आरोग्याचा दाखला झाला, मूळ देशाचा झाला. अडलंय एकावरच — मिरचीपुडीत शेंगदाणा नसल्याचा दाखला. चष्म्यावरून बघत म्हणतो, "बाई, नमुन्यात शेंगदाण्याचा अंश आलाय." कुठून येईल? माझ्या कारखान्यात मिरचीशिवाय दुसरं काही दळतच नाही!

वर मलाच शिकवतो, "माल शाळांच्या जेवणासाठी चाललाय ना? एखाद्या पोराला शेंगदाणा चालत नसला तर जिवावर बेतेल." जसं काही मला पोरंबाळं नाहीत. पहिलीच परदेशी ऑर्डर आहे. ही हातची गेली तर कारखान्याला कुलूप.

५ मार्च

"शोधा, कुठून येतोय ते." परत तेच! याला चिरीमिरी हवीय, दुसरं काय. तोंडावर म्हटलं तसं. बाहेर काढलं मला.

७ मार्च

मिरची निवडणाऱ्या बायकांवर सासूबाईंची देखरेख. त्यांना विचारलं, कामावर कुणी दाणे खातं का? असल्या फणकारल्या! "आमच्यावर संशय? अगं, चहासुद्धा बाहेर जाऊन पितो आम्ही." आता अबोला. धरा!

८ मार्च

नवा नमुना मीच केला. गिरणी धुतली, पुसली. देठं खुडली, दळलं, कुणाला हात लावू दिला नाही. कंटेनरमध्ये जाईल बायकांनी केलेला आधीचाच माल, पण मिरची तीच गोदामातली, मग फरक काय पडतो? हातांची नुसती आग आग! खडूसच्या नावानं शंख करत बसले.

१४ मार्च

नमुना स्वच्छ! अहवाल त्याच्या टेबलावर आपटला. सही करताना पुटपुटला, "मग आधी आला कुठून?"

"तुमच्या डोक्यातून!" म्हटलं. चांगली जिरवली.

१६ मार्च

कंटेनर गेला. सुटले बाई एकदाची!

१७ मार्च

सासूबाईंनी अबोला सोडला. माझे सोललेले हात बघून हसायलाच लागल्या. "अगं वेडे, मिरचीला बसण्याआधी तेलाचा हात नको का लावायला? आम्ही सगळ्याजणी लावतो. कधी आग झाली का बघ आम्हाला!"

खिडकीतली बाटली दाखवली. घाण्याचं तेल. शेंगदाण्याचं.

खडूसला फोन लावतेय. उचलत नाही. उचला हो साहेब, उचला.