चाव्यांचा जुडगा भोपाळला

राजेंद्र नगर, इंदूर
रविवार, दुपार

प्रिय प्रभा,

कमाल आहे बाई तुझी! शाळेच्या सगळ्या चाव्यांचा जुडगा कमरेला खोचून तू भोपाळला शिबिराला जाऊन बसलीस, आणि वर रोज एसटीडी बूथवरून फोन करून मलाच विचारतेस, की खडूचं कपाट उघडलं का, प्रयोगशाळेतला नळ गळतोय त्याखाली बादली ठेवली का. कशानं उघडू? दातांनी? पहिल्या दिवशी सकाळी मी तुझ्या केबिनसमोर उभी, मागं सगळ्या वर्गांचे मॉनिटर खडू न्यायला उभे, आणि आपला शिपाई गोपीनाथ हसू दाबत मला सांगतोय, मॅडमजी, चाबी तो बडी मॅडम के साथ गई. तो माझ्यावर हसला आणि मी तुझ्यावर जळफळले. शेवटी त्यानं कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून हातोडी आणली आणि तुझी कुलपं फोडली. नवीन कुलपं मी आणलेली नाहीत आणि आणणारही नाही. कपाटं नुसती ओढून घेतलीत, आणि ऐक, अजून एक खडूसुद्धा चोरीला गेलेला नाही.

हे सगळं फोनवर का नाही बोललीस, म्हणशील. तू तिकडं मीटरच्या आकड्यांवर डोळा ठेवून बोलतेस, इकडं ऑफिसात आपले क्लार्कसाहेब कान टवकारून बसलेले. मनातलं काय बोलणार, डोंबल? शिवाय काल संध्याकाळी तुझे यजमान, भाऊराव, आमच्याकडे आले होते. ते जे बोलले त्यानं माझं डोकंच फिरलं. त्यावर मी शेवटी येणार आहे. आधी माझा राग नीट काढू दे, नाहीतर मधेच रडायला येईल आणि तुला वाटेल शशी मऊ पडली.

तू गेलीस तीसुद्धा काय सुखासुखी गेलीस? मुख्याध्यापकांसाठी तीन आठवड्यांचं शिबिर, राहण्याजेवणाची सोय, असं शिक्षण खात्याचं पत्र आलं तेव्हा तू ते पेपरवेटखाली दाबून टाकलंस. इतकी वर्षं आपण बघतोय, गणिताच्या बाईंना शिबिर, विज्ञानाच्या सरांना शिबिर, गोपीनाथलासुद्धा एकदा आग विझवायचं ट्रेनिंग मिळालं. मुख्याध्यापिकेला काही नाही. ती त्या खुर्चीत बसली म्हणजे तिला सगळं येतं आणि तिला कधी काही होत नाही, असा सगळ्यांचा समज. आणि सगळ्यांत जास्त तुझा! पहिल्यांदाच कुणाला तरी सुचलं की या लोकांनीही चार गोष्टी शिकाव्यात, जरा दम खावा, तर तू म्हणालीस की मी गेले तर शाळा कोलमडेल. अगं, शाळा नाही कोलमडत. माणूस कोलमडतं. त्याच आठवड्यात काय झालं ते तू विसरली असशील, मी विसरलेले नाही.

त्या दिवशी प्रार्थनेनंतर तू शाळा सोडल्याच्या टीसींवर सह्या करत बसली होतीस. मिल बंद पडल्यापासून हे रोजचंच झालंय. कुणी चाळ सोडून गावाकडं चाललाय, कुणाला पोराला नमकीनच्या कारखान्यात लावायचंय, कुणाला पोरगी घरी बसवायचीये. तर तो सहावीतल्या मुलीचा बाप आला, पूर्वी मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होता आणि आता टेम्पो चालवतो, तो. तू त्याला एवढंच म्हणालीस की मुलगी हुशार आहे, वर्ष तरी पुरं होऊ दे. त्यावर तो सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला की बाई, तुमचा पगार चालू आहे, तुम्हाला बोलायला काय जातंय! तुझाच नवरा त्याच मिलमधून, मिल बंद झाली त्याच दिवशी, घरी बसला होता हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तू सही केलीस, शिक्का मारलास, आणि उठून गेलीस. मला वाटलं वर्गांवर फेरीला गेलीस. मधली सुट्टी झाली, शाळा सुटायची वेळ आली, तू कुठंच नाहीस. प्रयोगशाळेमागच्या त्या कोंदट खोलीत मोडक्या बाकांच्या ढिगावर तू बसली होतीस. म्हणालीस, शशी, दार लाव, मला आता कुणाचं तोंड बघवत नाही. मी दार लावलं आणि आत तुझ्याजवळ बसले. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं की मॅडमची शुगर कमी झाली होती. तुला शुगर नाही हे अख्ख्या स्टाफला माहीत आहे, पण एकानंही उलटून विचारलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच तो पेपरवेट उचलला आणि ते पत्र तुझ्या नाकासमोर धरलं. तुझी मुख्य हरकत काय, तर मागं कोण बघणार. मी म्हटलं, मी बघते. तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू नर्सरीतल्या पोरानं ट्रक चालवायला मागितला!

बरं, बसले बाई तुझ्या खुर्चीत. आणि आता तुला जे झापणार आहे ते नीट ऐकून घे. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी सवयीनं डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेले, तर सगळ्यांची बोलणी एकदम बंद. आदल्या दिवशीपर्यंत मी शशीताई होते, त्या दिवशी मॅडम झाले. एकीनं पदर सारखा केला, दुसऱ्यानं हातातला पेपर घडी करून ठेवला. मी आपलं काहीतरी पाण्याच्या टाकीचं विचारलं आणि डबा घेऊन केबिनमध्ये परत आले. समोर फाइली, भिंतीवर संस्थापकांचा फोटो, आणि मी एकटी भेंडीची भाजी खातेय. माझी आवडती भाजी, पण अर्धी डब्यात तशीच राहिली. त्यात दर दोन मिनिटांनी दार वाजतंय. नळाचं पाणी गेलं, मॅडम. पाचवीत मारामारी झाली, मॅडम. महानगरपालिकेचा माणूस आलाय, मॅडम. तू चार वर्षं अशी जेवतेस, प्रभा? आणि एका शब्दानं बोलली नाहीस? नोकरीला लागलो तेव्हापासून एका बाकावर बसून एकमेकींच्या डब्यातलं खाल्लंय आपण. मी काय परकी होते? संताप येतो मला तुझा, खरंच सांगते.

डब्यावरून आठवलं. तू रोज घाईत डबा घरी विसरतेस आणि भाऊराव दुपारी तो सायकलवरून आणून देतात, हे सगळ्या शाळेला पाठ आहे. तर तू गेल्यावर दोन-तीन दिवसांनी ते दुपारी डबा घेऊन हजर! गोपीनाथ म्हणाला, भिया, मॅडम तो भोपाल में हैं. भाऊराव म्हणाले, मला माहीत आहे, पण घरात एकट्यानं बसून जेवण जात नाही. मी त्यांना केबिनमध्ये बसवणार होते, पण ते सरळ स्टाफरूममध्ये गेले, जाऊन बाकावर बसले आणि डबा उघडला. त्यांच्यामागं मग मीही गेले. त्यांना कुठलं मॅडम आणि कुठलं काय! वांग्याच्या भाजीवर शेव टाकून सगळ्यांना वाढली आणि मिलच्या गमती सांगत बसले. म्हणाले, मी कितीतरी वर्षं बदलीवाला होतो. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस आला नाही की बदलीवाला उभा राहायचा, मालक त्या कामगाराला गैरहजेरीचं बोलला तरी साचा बंद म्हणून कधी राहिला नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, तुमच्या मोठ्या बाईंना मात्र कुणी बदलीवाला दिलाच नाही. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. तुझे वडील महूला फौजेत होते ना? त्यांचासुद्धा पहारा बदलायचाच की गं. तूच कोण अशी मोठी लागून गेलीस, की तुझ्या जागी घटकाभर कुणी उभं राहू नये?

त्या दिवसापासून आम्ही सगळे एकत्र जेवतो. केबिनचं दार उघडं टाकून मी स्टाफरूममध्ये बसते, आणि काही बिघडत नाही. टाकीचं काम आता विज्ञानाचे सर बघतात, मारामाऱ्या पीटीच्या सरांकडे, आणि टीसी मागायला आलेल्या पालकांशी आधी आम्ही दोघी-तिघी मिळून बोलतो. एकटीनं नाही. एकटीला ते झेपत नाही, मला तरी झेपलं नाही. तो टेम्पोवाला परवा पुन्हा आला होता. टीसी परत घेऊन आला. मुलीनं दोन दिवस जेवण सोडलं म्हणे. तुला विचारत होता, बड्या बाई कुठंयत. तुला सॉरी म्हणायचं असावं, पण तसं काही बोलला नाही. मी म्हटलं, बाई शिकायला गेल्यात. त्याला फार गंमत वाटली.

आणि शिबिराची तू एवढी टिंगल का करतेस? डोळे मिटून श्वास घ्यायला लावतात, चेंडू फेकाफेकी करायला लावतात, पोरखेळ नुसता, असं म्हणालीस. मग त्याच फोनवर सांगितलंस की खंडव्याचे एक पिकल्या केसांचे हेडमास्तर बोलता बोलता रडले, कारण त्यांना म्हणे इतक्या वर्षांत तुम्ही कसे आहात असं कुणी विचारलंच नव्हतं. हे सांगताना तुझा आवाज कसा झाला होता ते मी ऐकलंय. लगेच तू प्रयोगशाळेतल्या नळावर आलीस. चल हट! मला शेंड्या लावू नकोस.

अजून एक. तुझं ते खाजगी कपाट, ज्याला तू कुणाला हात लावू देत नाहीस, त्याचंही कुलूप त्या दिवशी फुटलं. मला वाटलं आत काय घबाड असेल! वरच्या फळीवर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला तुझा लाकडी कंपास निघाला. फळ्यावर वर्तुळं काढायचा, खडू अडकवायच्या जागी सुतळी बांधलेला. तू मुख्याध्यापिका झालीस आणि तो कपाटात गेला. तुझा भूमितीचा तास चालू असला की शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायची थांबायचे, आठवतं? तुझ्या वर्गातून पोरांचं एकदम ओरडणं यायचं, आलं, आलं, बाई, बरोबर आलं! मी तो कंपास हातात घेऊन बराच वेळ उभी होते. गोपीनाथला वाटलं, मला हेही कपाट रिकामं करायचंय.

आता कालचं. आपल्या संस्थेचे अध्यक्ष दौलतराव मागच्या आठवड्यात येऊन गेलेच होते. त्यांना पलासियातल्या त्या नव्या शाळांसारखे टाय आणि कॉम्प्युटर हवेत. जाता जाता मला म्हणाले की प्रभावतीबाई थकल्यात, तुमचं बरं चाललंय, तुम्हीच कायम का होत नाही? मी त्यांना म्हटलं, बाई थकल्या नाहीत, तुम्ही त्यांना थकवलंत, आणि चहा न देता पाठवलं. त्यांचं ठीक आहे. पण काल भाऊराव आमच्या ओट्यावर बसून खाली मान घालून सांगतात, की तूही तेच म्हणतेस! शशी छान सांभाळतेय, तिलाच ठेवा, मी आता परत त्या शाळेत पाऊल ठेवणार नाही, असं तू त्यांना फोनवर सांगितलंस. त्यांना! मला नाही! तो माणूस मिल गेली तेव्हा रडला नव्हता, काल रडला. म्हणाला, माझं काम माझ्याकडून काढून घेतलं, हिनं आपलं आपणच टाकून द्यावं हे मला बघवणार नाही.

म्हणून हे पत्र. नीट ऐक, प्रभा. मी छान सांभाळतेय कारण मला माहीत आहे की तू येणार आहेस. बदलीवाली आहे मी, तेवढ्यावरच उभी आहे. ती खुर्ची कायमची माझी झाली तर दोन वर्षांनी मीही त्याच मोडक्या बाकांवर जाऊन बसेन, आणि तेव्हा दार लावून आत माझ्याजवळ बसायला तू नसशील. म्हणून ये. पण होतीस तशी येऊ नकोस. दर शनिवारी खुर्चीत मी बसणार, तू नाही. डबा स्टाफरूममध्ये. आणि चाव्यांचा तो जुडगा येताना भोपाळच्या तलावात टाक, नाहीतर वाटेतल्या नदीत टाक, मला त्याचं काही नाही. बाकी सगळ्यांचे तास मी वाटून दिलेत. फक्त आठवी-ब ची भूमिती कुणाला दिलेली नाही. वर्तुळाचा धडा तसाच पडलाय, पोरं रोज विचारतात, आणि मी त्यांना सांगितलंय की उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, म्हणजे तुझं शिबिर संपलं की, नव्या बाई येतील, त्यांना फार छान शिकवता येतं. कंपास फळ्याच्या खिळ्याला टांगलाय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच बदलीवाली,
शशी