उघडं पडलेलं दाइफुकु

सोमवार, ३ मार्च
पाय सुजलेत. दिवसभर उभी! यिशुन भागातल्या या जपानी मिठाईच्या दुकानात दोन वर्षं झाली, तरी मालक हायाशी-सान मला फळांच्या कामापुढे जाऊ देत नाहीत. स्ट्रॉबेरी पुसून कोरडी करायची — थेंबभर ओल राहिली तर दाइफुकु, म्हणजे फळ भरलेला तो तांदळाचा गोळा, आतून पाणी सोडतं. तिच्यावर पांढऱ्या घेवड्याच्या गोड पुरणाचा थर. बस्स. पुढचं सगळं त्यांचं. चिकट तांदळाच्या पिठीत साखर घालून वाफवलेली उकड, ती गरम असतानाच पारी, आत फळ, खालून तोंड बंद. आपल्या मोदकाच्या कळ्या मिरवायच्या. इथे एक चुणी दिसली की वाया!

गुरुवार, ६ मार्च
हायाशी-साननी वळलेली सात दाइफुकु खालून उकलली. डिसेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवी बोटं अजून नीट मिटत नाहीत. "पीठ खराब आलंय," म्हणाले. पीठ नेहमीचंच. मान खाली घालून ते घरी गेले. बघवेना.

शनिवार, ८ मार्च
आज अकरा. ते काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलत होते. फडक्याखाली उकड कोमट होती — मी अकराही पटापट नव्याने वळली. परत आले, ट्रे बघितला, हसले! दोन वर्षांत पहिल्यांदा वळली, तीही चोरून.

बुधवार, १९ मार्च
रोज तेच. मनगट ठणकतंय. चैत्रालीला सांगितलं, तर कार्टी इथल्या पोरांच्या ढंगात म्हणते, "आई, जस्ट टेल हिम लाह!" पंधराव्या वर्षी सगळं सोपं असतं. चाळीस वर्षं मिठाई वळणाऱ्या माणसाला काय सांगू?

शुक्रवार, २८ मार्च
आज वीस वळली. थकले मी.

शनिवार, ५ एप्रिल
हायाशी-सान शीळ घालत आले. मला मूठ करून दाखवली — अर्धीच मिटली. "रुपाली-सान, बघतेस ना? जवळजवळ महिना झाला, एकही उकललं नाही! हात बरा झाला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओकडे जाणं बंद केलं मी. तीन आठवडे झाले."
मी हातातलं काम ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.
ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "फिजिओला फोन लाव."