न वाचलेली बातमी

बावडा, मंगळवार, १८ जून १९५७

तीन महिने या वहीकडे पाहिले नाही. क्षमा मागायची तर स्वतःचीच.

रोज संध्याकाळी चावडीवर मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो, गाव ऐकते. मागच्या आठवड्यात मुंबईत तापाची साथ पसरत असल्याची बातमी आली. ती मी गाळली आणि पान उलटले. शेजारचे तात्या म्हणाले, "गुरुजी, येवढी घाई? सासुरवाडीची बातमी हाय का काय?" सगळे हसले. मीही हसलो.

लोक घाबरतील म्हणून गाळली, असे मनाला सांगितले. पण मी पाच वर्षांचा असताना, १९१८ साली, अशाच तापाच्या, मानमोडीच्या साथीत आई गेली. मग घाबरले कोण, गाव की मी?

दोन दिवसांनी तात्यांनी लेकीला, सुमनला, तान्ह्या मुलासह मुंबईला जावयाकडे पोचवले. आज तार आली, ती वाचायला माझ्याकडेच आणली. सुमन तापाने अत्यवस्थ, ताबडतोब या. वाचताना माझा आवाज चावडीवरच्यासारखाच खणखणीत होता, याची लाज वाटते.

तात्या ओट्यावर बसले. "साथबीथ न्हाय ना हो तिकडं? असती तर तुमी वाचलीच असती म्हणा."

मी तारेची घडी करून त्यांच्या हातात दिली. म्हणजे आजही पान उलटलेच. आता सांगून पोरीचा ताप उतरणार नाही. पण तात्याही त्याच तापात निघालेत, माझ्यावर विसंबून.

उद्या सकाळी तात्यांची एस.टी. सुटण्यापूर्वी: बातमी होती, हे त्यांना सांगणे.