टॉर्च नीट धर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

टक्. एवढाच आवाज. दवाखान्याच्या दारात, भर दुपारी, मागे सात-आठ गाड्या हॉर्न ठोकतायत, मुलगी नवव्या महिन्याचं पोट धरून मागच्या सीटवर, आणि आमची गाडी म्हणते — टक्. किल्ली फिरवली, टक्. परत फिरवली, टक्. शेवटी वॉचमन आणि कुणाकुणा पेशंटचे नातेवाईक यांनी ढकलली. त्यातल्या एकाने जाताना पोरीकडे अशा काही किवेने पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीला तिच्या घरी सोडून आमच्या घरी येईपर्यंत नवरा गप्प. पोर्चमध्ये गाडी घेताना डावी बाजू फाटकाला खरर्र घासली, तेव्हा तोंड उघडलं — "फाटकच अरुंद आहे." बावीस वर्षं तेच फाटक आहे!

तोंडावर 'अहो' म्हणते. इथे 'तो' लिहिणार. एवढी तरी मुभा असू दे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मीच बोलावून आणलं. त्याने एकदा किल्ली फिरवली आणि सांगितलं, "काकू, स्टार्टर गेलाय. इंजिनाला पहिला धक्का देते ती मोटर. आज ओढून नेतो, परवा गाडी दारात." मी देवाचे आभार मानणार, तेवढ्यात पठ्ठ्या गाडीभोवती फिरला. "काका, डावी बाजू सगळी घासलीय की. कुणी ठोकलं?"

झालं. "तीस वर्षं कारखान्यात मशिनं उघडली आणि बसवली मी. तू मला शिकवणार?" गॅरेजवाला हात झटकून निघून गेला. आता साहेब स्वतः मोटर बदलणार. घरी. पोर्चमध्ये. म्हणजे माझ्या शिवणाच्या खोलीच्या खिडकीखाली.

मुलीची तारीख अठ्ठावीस. जावई कामासाठी बाहेरगावी, महिनाअखेरीशिवाय यायचा नाही. तिच्या वस्तीत टॅक्सी वेळेवर मिळत नाही, आणि तिथून दवाखाना चाळीस मिनिटं. "बाबाच नेतील मला," तिने ठरवून टाकलंय. मी म्हटलं, अहो, पोरीसाठी तरी गॅरेजला द्या. तर म्हणे, "पंधरा दिवस आहेत. कामाला लागतात दोन तास."

दोन तास!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच पोर्चमध्ये जॅक, लोखंडी स्टँड, पान्यांची पेटी आणि माझी सतरंजी. विचारून घेतली? नाव नको. बॅटरीची वायर सोडली आणि गाडीखाली शिरला. बाहेर नुसते दोन पाय आणि शिव्या.

माझं काम पांढरं. डॉक्टरांचे कोट शिवते. या महिन्यात साठ द्यायचेत. दुपारी झालेले मोजायला घेतले तर वरच्याच कोटाच्या खिशावर काळा अंगठा! अख्खा, रेषा न रेषा उमटलेला. किळस आली. म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणतो, "कुठे काय?" पार नाकासमोर कोट धरला, तेव्हा — "हां, थोडं लागलंय." थोडं! उद्या तो डॉक्टर पेशंटच्या तोंडावर वाकणार आणि त्याच्या खिशावर आमच्या गाडीचं ग्रीस.

तीनदा धुतला. गेला नाही. खिसा उसवून नवा लावला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

वरचा बोल्ट निघत नाही. दोन तास कधीच संपले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

निघाली एकदाची. आणि ठेवली कुठे? जेवणाच्या टेबलावर! लहान बाळाच्या डोक्याएवढा लोखंडी गोळा, त्यावर बारा वर्षांचं तेल, माती, वाळका पाला आणि एक चपटलेलं झुरळ. वर्तमानपत्र पसरलं होतं म्हणे. अर्धी मोटर कागदावर, अर्धी माझ्या टेबलक्लॉथवर.

तिथेच उघडली. आतून काजळीसारखी बारीक पूड. वर पंखा चालू. पूड साखरेच्या डब्यावर, पाण्याच्या ग्लासांत, माझ्या नाकात. "कार्बन झिजलेत. नवीन मोटरच टाकावी लागेल." जसं काही मोठं गुपित सांगतोय. बोल्ट माझ्या वाटीत, रॉकेल माझ्या पातेल्यात. ते पातेलं मी आता कशाला वापरू? फेकून दिलं.

संध्याकाळी भांड्यांच्या सिंकमध्ये हात धुतले. नळावर काळं, साबणावर काळं, टॉवेलवर काळं. नखांत तसंच. त्याच नखांनी जेवला, आणि जेवताना आमटीचा ओघळ शर्टावर. तो पुसायचीही शुद्ध नाही. मला समोर बसवेना. ताट उचललं आणि शिवणाच्या खोलीत जाऊन जेवले.

हा माणूस असा नव्हता. शर्टाला एक सुरकुती खपायची नाही त्याला. निवृत्त झाला आणि पार गबाळा झाला. दाढीसुद्धा एका गालाची राहते हल्ली.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेजारचा सर्वज्ञ आला. आयुष्यभर एका कचेरीत फायली तपासल्या, कधी सायकलचं पंक्चर काढलं नसेल. पण मोटर म्हणा, मधुमेह म्हणा, गळका नळ म्हणा — तोंड उघडायचा अवकाश. दात कोरत उभा. कोरलेलं काय ते माझ्या तुळशीवर, खिडकीच्या कठड्यावर टिचकीने उडवत. शी!

"वहिनी, असल्या मोटरला हातोडीचे दोन ठोके दिले की चालते बघा. आणि हो, चहा होऊन जाऊ दे."

मनात म्हटलं, हातोडी द्या इकडे, ठोके कुणाला द्यायचे ते मी बघते. चहा दिला. दोघांनी तासभर शहाणपण पाजळलं. गाडी होती तिथेच, तीन चाकांवर आणि एका स्टँडवर.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नवी मोटर आली. भोकंच जुळेनात! फोनवर याने दुकानदाराची जी काही खरडपट्टी काढली, ऐकवेना. "गिऱ्हाइकाला काय मूर्ख समजता?" वगैरे. माझे कान लाल झाले.

मी जुन्या मोटरवरची नंबराची पट्टी चिंधीने पुसून पाहिली. शेवटचा आकडा तीन. याने दुकानदाराला चिठ्ठीवर लिहून दिला होता आठ. म्हटलं, "अहो, चूक तुमची आहे. त्या माणसाची माफी मागा."

"पुसट होता आकडा."

"पुसट कुठे? चांगला ठसठशीत आहे."

चिठ्ठी हिसकावून घेतली आणि फाडली. कारखान्यात याला 'मायक्रोमीटर' म्हणायचे. केसाएवढा फरक नुसता बघून सांगायचा. आणि आता तिनाचा आठ करतो, आणि वर दुसऱ्यावर ओरडतो! काम आळसाने करायचं आणि खापर भलत्याच्या डोक्यावर फोडायचं. याचाच जास्त वीट आलाय मला, ग्रीसपेक्षाही.

दुकानदाराला मी फोन केला. माफी मीच मागितली. बरोबर नंबर वाचून दाखवला, दोनदा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मोटर शुक्रवारी येणार. सव्वीस कोट झाले. घरात रॉकेलचा वास आणि अबोला.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज माझा तोल गेला.

कापलेलं पांढरं कापड जमिनीवर मांडलं होतं. पाठीचे दहा तुकडे, एकाशेजारी एक. हा बाहेरच्या खोलीत चहा घेत होता. कप टेबलावर ठेवला म्हणे — टेबलावर कुठला, कडेच्या बाहेर! कप फुटला, चहा जमिनीभर. पुसायचं सोडा, त्याच चहातून पचाक पचाक चालत माझ्या खोलीत आला, सरळ त्या कापडावरून, काहीतरी विचारायला. एका तुकड्यावर चहाचं पाऊल, दुसऱ्यावर ग्रीसचं.

मी किंचाळले. "डोळे फुटलेत का तुमचे?"

एरवी याने घर डोक्यावर घेतलं असतं. आज भिंतीला हात लावत लावत निघून गेला. भिंतीवर पाच काळी बोटं, दारापर्यंत.

ती पुसायलाही मीच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बोलत नाही. समोर जेवायला बसत नाही. ताट घेऊन पायरीवर जातो. काल जरा जास्तच बोलले हे खरं. पण माफी मागणार नाही. दहा तुकड्यांतले दोन फुकट गेले, त्याचं काय? आणि पायरीवर सांडलेल्या शितांना मुंग्या लागल्या, त्याचं काय?

चाळीस वर्षांत मला या माणसाचा राग खूपदा आला. किळस कधी आली नव्हती. आता येते. लिहायला लाज वाटते, पण येते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बरोबर मोटर आली. भोकं जुळली. आता सगळं सुतासारखं सरळ होईल असं वाटलं मला वेडीला.

ही मोटर म्हणे एकट्याने बसत नाही. एका हाताने वर पेलून धरायची, दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवायचा, आणि वर तिथे दिवसाढवळ्या अंधार. म्हणून उजेड धरायला कोण? मी! साठीला टेकलेली बाई सतरंजीवर आडवी, केस तेलाच्या डागात, नाकाशी गाडीचं घाणेरडं पोट, हातात टॉर्च.

"इकडे धर."

"इकडेच आहे."

"अगं इकडे! बोल्टावर!"

"बोल्टावरच आहे. भोक मला इथून दिसतंय."

"नीट धर म्हणतो ना! एवढं साधं काम जमत नाही तुला?"

अर्धा तास हेच. उजवीकडे, डावीकडे, वर, जरा मागे. बोल्ट भोकाच्या शेजारी खाटखाट आपटतोय, आणि चूक कुणाची? उजेडाची! शेवटी म्हटलं, "मग तुम्ही धरा टॉर्च, मी बसवते बोल्ट." त्याने पाना फेकला. माझ्या कोपराला लागला नाही, नशीब. मी उठले, आंघोळ केली, केस दोनदा धुतले. वास जात नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी तपासून घेऊन आली, मैत्रिणीबरोबर. डॉक्टर म्हणाले, अठ्ठावीसची वाट बघू नका, आता कधीही. फोनवर आवाज बारीक झाला होता तिचा. "आई, गाडी झाली ना गं?"

"उद्या होते," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्याला जाऊन सांगितलं. पाना फेकल्यानंतर पहिल्यांदा बोलले. ऐकून उठून बसला. "सकाळी बसवतो. किल्ली मारतो. दुपारी तिला इकडेच घेऊन येऊ, म्हणजे वेळ आली की इथूनच निघता येईल." चेहरा असा उजळला की मला त्याची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. दहा दिवसांपूर्वी गॅरेजला दिली असती तर?

असो. एवढं एक होऊ दे. गाडी सुरू होऊ दे. पोरीला तिच्या बाबांनी वेळेवर पोचवावं. मग मी हा पोर्च उकळत्या पाण्याने घासून काढते, आणि परत या विषयावर एक अक्षर बोलत नाही.

उद्या परत टॉर्च माझ्याच हातात.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोटर बसली.

सकाळी परत तेच. "नीट धर! नीट धर!" माझं डोकं फिरलं. टॉर्च बंद केला. मनात म्हटलं, बस आता अंधारात. तो बोटांनी चाचपत राहिला. मिनिटभराने बोल्ट भोकात शिरला, आणि म्हणाला, "हां! आता कसा बरोबर पडलाय उजेड. तसाच धर."

तसाच धरला. शेवटचा बोल्ट आवळून होईपर्यंत.

मग सरपटत बाहेर आला, हात शर्टालाच पुसले, माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याकडे. "आता बंद कर तो. सेल उतरतील."

मी बटण दाबलं. टॉर्च लागला. उजेड त्याच्या छातीवर पडला.

"शाब्बास," म्हणाला, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली माझ्या मुठीत होती. अजून आहे.